एका नालीचं वर्ष: ग्रामसभेतल्या मागणीपासून मोजमापाच्या टेपापर्यंत

आमच्याकडच्या ग्रामसभेत सगळ्यात जास्त आवाज चढतो तो नालीवरून. पण सभा उठल्यावर प्रोसिडिंग बुक (सभेचे ठराव लिहायची वही) उघडून पाहिलं, तर तासाभराच्या त्या वादाची एकच ओळ सापडते: "वॉर्ड क्र. २ मध्ये नाली बांधकाम करणे. सर्वानुमते मंजूर." पुढचं सगळं या ओळीवर चालतं. अंदाजपत्रक तिच्यावरून बनतं, पोर्टलवर तीच चढते, पैसेही तिलाच येतात. वॉर्डात तीन गल्ल्या असल्या तर नाली तिसऱ्याच गल्लीत होते, आणि कागद तपासला तर चूक कुठंच निघत नाही. ज्या गल्लीतल्या बायांनी सभेत उभं राहून गाऱ्हाणं मांडलं, त्यांच्या दारातलं सांडपाणी मात्र पावसाळाभर तसंच साचलेलं असतं.

एक गाव आणि एक तांडा मिळून असलेली विदर्भाच्या कापूसपट्ट्यातली गट ग्रामपंचायत. तिथं हा फेरा मागणीच्या अर्जापासून बिल निघेपर्यंत आम्ही पायी चाललो आहोत. त्यातला प्रत्येक टप्पा आणि तिथं काम कशामुळे अडतं, ते इथं लिहितो. उदाहरण नालीचं घेतलं आहे, पण पाण्याची टाकी, अंगणवाडीची खोली, पांदण रस्ता यांची वाटही बहुतेक हीच.

सुरुवात तारखांपासून. ग्रामपंचायत कायद्याप्रमाणे आर्थिक वर्षात निदान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात, आणि सबळ कारण नसताना त्या घेतल्या नाहीत तर सरपंचाचं पद जाऊ शकतं. म्हणून सभा होतात. बहुतेक २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी किंवा त्यांच्या आसपास. आता हेच दिवस वावरातून पाहा. १५ ऑगस्टला निंदण आणि डवरणी चालू असते. २ ऑक्टोबरला सोयाबीन सोंगणीला आलेलं असतं आणि मजुरांच्या मागे फिरावं लागतं. २६ जानेवारीला तूर आणि कापसाची वेचणी. १ मेला पारा ४४-४५ वर. सकाळी १० ची सभा म्हणजे मजुरीला जाणाऱ्या बाईने त्या दिवसाची रोजी बुडवायची. म्हणून सगळ्यात आधी मागायची ती वेळ. सभा दिवेलागणीनंतर ठेवा, असा १५-२० जणांच्या सह्यांचा अर्ज नोटीस निघायच्या आधी द्यावा. आमच्याकडे वेळ बदलली त्या सभेला बायांची हजेरी डोळ्यांना दिसेल इतकी वाढली.

हजेरीला इतकं महत्त्व कशाला, ते कोरमवरून कळतं. एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यातला जो आकडा कमी असेल तेवढी माणसं लागतात. ५०० मतदारांचं गाव असेल तर ७५. ९०० मतदारांचं असेल तर १५ टक्के म्हणजे १३५ होतात, पण १०० पुरतात. तेवढी जमली नाहीत तर सभा तहकूब होते. तहकूब सभा पुन्हा भरते तेव्हा तिला कोरमची अट नसते. पंधरा माणसं बसली तरी तिचे ठराव पक्के. गावाला वाटतं की सभा झालीच नाही, आणि इकडे आठवड्याने चार खुर्च्यांवर वर्षाचा आराखडा मंजूर होऊन जातो. यात बेकायदेशीर काही नसतं. त्यामुळे सभा तहकूब झाली की उठून जाण्याआधी दोन गोष्टी विचाराव्या: पुढची तारीख कोणती, आणि ती फलकावर कधी लागणार. त्या सभेत मूळ नोटिशीतलेच विषय घेता येतात, म्हणून जुन्या नोटिशीचा मोबाइलवर काढलेला फोटो जपून ठेवावा.

नोटीस सात दिवस आधी निघायला हवी. विशेष ग्रामसभा असेल तर चार दिवस आधी. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आलेला निरोप कामाचा असतो, पण ती नोटीस नव्हे. ग्रामपंचायतीच्या फलकावर लागलेला, तारीख, वेळ, जागा आणि विषय लिहिलेला कागद म्हणजे नोटीस. गट ग्रामपंचायतीत ती तांड्यातही लागायला हवी आणि दवंडी दोन्हीकडे फिरायला हवी. तांड्यातली दवंडी राहून जाते, आणि मग तांड्याची मागणी दरवर्षी "ऐनवेळच्या विषयात" ढकलली जाते. "अध्यक्षांच्या परवानगीने येणारे ऐनवेळचे विषय" ही नोटिशीतली शेवटची ओळ असते. तिथवर पोचेतो अर्धे लोक उठून गेलेले असतात आणि उरलेल्यांचं लक्ष दाराकडे असतं. आपला विषय तिथं जाऊ द्यायचा नसेल, तर तो नोटीस निघण्याआधी लेखी द्यायचा. अर्जाच्या दोन प्रती. एकीवर ग्रामपंचायतीचा शिक्का, आवक क्रमांक आणि तारीख. ही पोच नसेल तर अर्ज दिलाच नव्हता असं समजून चला.

थकबाकीबद्दलही स्पष्ट सांगायला हवं. घरपट्टी थकलेला माणूस सभेत मागे बसतो, कारण बोललं की "आधी टॅक्स भरा" असं कुणीतरी म्हणतं. कर भरायलाच हवा. पण मतदार यादीत नाव असलेला प्रत्येक माणूस ग्रामसभेचा सदस्य असतो, आणि थकबाकीमुळे त्याचा बोलण्याचा हक्क जात नाही. गावात हा गैरसमज फार खोल आहे. त्यामुळे ज्यांच्या दारात पाणी साचतं, नेमके तेच गप्प राहतात.

आता अर्ज. "आमच्या गल्लीत नाली करून द्यावी" या वाक्याचं कुणालाच काही करता येत नाही. अर्जात चार गोष्टी लागतात. नाली कुठून कुठपर्यंत. पण "अमक्याच्या घरापासून" नको, घर विकलं जातं, माणूस जातो. मारुतीच्या देवळाच्या ओट्यापासून जिल्हा परिषद शाळेच्या फाटकापर्यंत, असं न हलणारं ठिकाण लिहावं. लांबी किती, ३० मीटरचा टेप गावात कुठल्याही मिस्त्रीकडे मिळतो, मोजून आकडा लिहावा. किती घरांचं सांडपाणी तिच्यात येणार. आणि ते पाणी शेवटी जाणार कुठं.

या शेवटच्या प्रश्नावर बहुतेक मागण्या आपटतात. नालीचं तोंड नाल्यात सोडायचं, की शोषखड्ड्यात, की कुणाच्या धुऱ्याला (शेताच्या बांधाला)? गावातलं पाणी धुऱ्याला सोडलं की त्या शेतकऱ्याचं भांडण पहिल्या पावसातच उभं राहतं आणि तो मातीचा बांध घालून नाली बंद करतो. शोषखड्डा म्हणावा, तर आपली काळी माती ओली झाली की फुगते आणि पाणी जिरू देत नाही. खड्डा मुरुमाचा थर लागेपर्यंत नेला तरच चालतो, नाहीतर तो महिन्याभरात भरून वर येतो आणि डासांचं घर बनतो. म्हणून अर्जाआधी गल्लीतल्या दोघा-तिघांनी पावसाचं पाणी वाहत असतानाच चालत जाऊन पाहावं. पाणी स्वतः ज्या वाटेनं जातं तीच नालीची वाट. हे जुलै-ऑगस्टमध्येच दिसतं, जानेवारीत नाही.

पैसा कोणत्या कप्प्यात येतो, हे माहीत नसल्यामुळे गाव दरवर्षी सिमेंट रस्ता मागतं आणि रस्ता मिळत नाही. पंधराव्या वित्त आयोगाच्या काळात, म्हणजे २०२० ते २०२६ या वर्षांत, ग्रामपंचायतीला मिळणाऱ्या निधीचा ६० टक्के हिस्सा बंधित राहिला: निम्मा पिण्याच्या पाण्यासाठी, निम्मा स्वच्छतेसाठी. उरलेला ४० टक्के अबंधित. तो गावाच्या गरजेप्रमाणे वापरता येतो, फक्त पगार आणि कार्यालयीन खर्चावर नाही. (पहिल्या वर्षी, २०२०-२१ ला, वाटणी निम्मी-निम्मी होती.) समजा त्या वाटणीनं गावाला १० लाख आले, तर ३ लाख पाण्याचे, ३ लाख स्वच्छतेचे आणि ४ लाख मोकळे. रस्त्याला या ४ लाखांत रांगेत उभं राहावं लागतं, आणि तिथं अंगणवाडी, शाळा, पथदिवे आधीच उभे असतात. सांडपाण्याची नाली स्वच्छतेच्या पैशांतून होऊ शकते. म्हणजे त्याच गल्लीसाठी "रस्ता" मागितला तर तीन वर्षं थांबायचं, आणि "सांडपाणी व्यवस्थापनासाठी नाली" मागितली तर यंदाच जमू शकतं. मागणीचं नाव बदललं की काम दुसऱ्या कप्प्यात जातं. त्यामुळे सभेत एवढं विचारायचंच: यंदाचे पाण्याचे किती, स्वच्छतेचे किती, मोकळे किती. तीन आकडे समोर आले की अर्धं भांडण आपोआप शांत होतं.

ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नाचाही हिशेब असतो. त्यातले १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला आणि बालकल्याणासाठी, ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्चायचे असतात. ही रक्कम लहान असते, म्हणून कुणी विचारत नाही, आणि मार्चअखेर घाईघाईत कुठल्या तरी खरेदीत ती संपते. ऑगस्टच्या सभेतच तिचा आकडा मागावा.

जागेचं दुखणं विदर्भात वेगळंच आहे. पश्चिम विदर्भात गावालगतची सरकारी जमीन बऱ्याचदा ई-क्लास असते. गावाची गुरं तिच्यावर चरतात म्हणून गाव तिला आपली समजतं, पण सातबाऱ्यावर ती सरकारची असते. पूर्व विदर्भात, नागपूरपासून गडचिरोलीपर्यंत, झुडपी जंगल अशी नोंद निघते, आणि तिथं बांधायचं म्हटलं की वनसंवर्धन कायद्याची परवानगी लागते. ठराव झाला, पैसे आले, आणि जागेच्या नोंदीवर काम थांबलं, असं होतं ते यामुळे. नाली गावठाणातल्या रस्त्याच्या कडेनं जात असेल तर बहुधा अडचण येत नाही. तिचं तोंड जिथं उघडतं त्या जमिनीचा सातबारा मात्र अर्जाला जोडावाच. जमीन खाजगी असेल तर मालकाचं लेखी संमतीपत्र आधी घ्यावं. काम सुरू झाल्यावर संमती महाग पडते.

आराखडा बनण्याचा मुख्य काळ २ ऑक्टोबरपासून हिवाळाभर. पुढच्या आर्थिक वर्षाचा ग्रामपंचायत विकास आराखडा या दिवसांत तयार होतो. राज्यात "आमचं गाव, आमचा विकास" या नावानं हे २०१५ पासून चालू आहे. कागदावरची रीत चांगली आहे: गावफेरी, वॉर्डसभा, महिला सभा, बालसभा, वंचितांची सभा, आणि मग सगळ्यांच्या मागण्या घेऊन ग्रामसभा. प्रत्यक्षात गावफेरी अर्ध्या तासात मुख्य रस्त्यावरून जाऊन येते. ती आपल्या गल्लीतून जावी यासाठी आदल्या दिवशी आराखड्यासाठी नेमलेल्या प्रभारी अधिकाऱ्याला भेटून वाट ठरवून घ्यायची. फेरीत कुणाची तक्रार तोंडानं सांगत बसू नये. साचलेलं पाणी दाखवावं, टेप दाखवावा, आणि त्यांच्या वहीत लांबी लिहिली गेली का ते पाहावं.

महिलांची सभा नियमित ग्रामसभेच्या आधी घ्यायची असते आणि तिचे ठराव ग्रामसभेसमोर यायला हवेत. बऱ्याच ठिकाणी ती सभा रजिस्टर घरोघरी फिरवून सह्यांवरच भरते. बचतगटाच्या बैठकीचा दिवस आणि महिला सभेचा दिवस एक ठेवला तर खरी सभा होते, कारण बाया तिथं तशाही जमतात आणि पैशाचा हिशेब मागायची त्यांना सवय असते. नालीचा विषय आमच्याकडे तिथूनच पक्का झाला. दारातलं पाणी रोज खराट्यानं ढकलणाऱ्या बाईला उतार कुठं आहे, हे अभियंत्याआधी कळतं.

आता खुद्द सभा. हजेरीचं रजिस्टर वेगळं आणि प्रोसिडिंग बुक वेगळं. सह्या आत येताना हजेरीवर घेतल्या जातात, चर्चा नंतर होते, आणि ठराव बहुतेक वेळा सभेनंतर ऑफिसात बसून लिहिले जातात. ग्रामसेवकाकडे (आता पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी झालं आहे, गाव अजून ग्रामसेवकच म्हणतं) दोन-दोन गावांचा भार असतो. सभा चालू असताना सुवाच्य लिहिणं त्यालाही जमत नाही. पण यातूनच घोळ होतो. ते पान जवळून पाहिलं तर असं दिसतं: वर तारीख, वेळ, अध्यक्षांचं नाव. खाली ठराव क्र. १, मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणे. ठराव क्र. २, जमाखर्च. ठराव क्र. ३, आराखडा. प्रत्येक ठरावाखाली सूचक आणि अनुमोदक. आणि तिसऱ्या ठरावाखाली चार-पाच ओळींची कोरी जागा, मग सरपंचाची सही. ही कोरी जागा नंतर भरते. कधी चांगल्या हेतूनं, राहून गेलेला विषय घालायला. कधी जो विषय सभेत कुणी ऐकलाच नाही, तो घालायला.

यावर भांडण न करता करता येण्यासारख्या तीन गोष्टी आहेत. आपला ठराव आपणच आधी लिहून न्यायचा, चार ओळींत: ठिकाण, लांबी, हेतू, निधीचा कप्पा. "मौजे अमुक, वॉर्ड क्र. २, मारुती देवळाच्या ओट्यापासून जि. प. शाळेच्या फाटकापर्यंत, लांबी अंदाजे १४० मीटर, सांडपाणी व्यवस्थापनासाठी बंदिस्त नाली बांधणे व शेवटी नाल्याला जोडणे, स्वच्छतेच्या बंधित निधीतून." असा तयार मजकूर हातात दिला की तोच उतरवला जातो, कारण लिहिणाऱ्याचंही काम हलकं होतं. दुसरं, सभा संपण्याआधी सगळे ठराव मोठ्यानं वाचून दाखवा, अशी विनंती करायची. आणि तिसरं, शेवटच्या ठरावाखालची मोकळी जागा तिरपी रेघ मारून बंद करा, असं तिथंच म्हणायचं. आम्ही हे पहिल्यांदा म्हटलं तेव्हा अवघडल्यासारखं झालं. आता रेघ न सांगता मारली जाते.

ठरावाची नक्कल अर्ज करून मिळते. टाळाटाळ झाली तर माहितीच्या अधिकारात १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज; ३० दिवसांत उत्तर, पानाला २ रुपये. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला फी नाही. अर्जात "सर्व ठरावांची माहिती द्यावी" असं लिहू नये. सभेची तारीख आणि ठराव क्रमांक लिहिला की नकार द्यायला जागा राहत नाही.

कायद्याचा आधारही हाताशी असावा. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ८-अ प्रमाणे विकासाच्या योजना हाती घेण्याआधी ग्रामसभेनं त्यांना मान्यता द्यायची असते, आणि त्यांच्यावरच्या खर्चालाही परवानगी ग्रामसभेचीच लागते. म्हणजे आधी काम आणि मग ठराव, ही रीत उलटी आहे. गावात काम करणारे तलाठी, कृषी सहायक, शिक्षक, आरोग्यसेविका यांनीही सभेला यावं अशी अपेक्षा असते. त्यांची गैरहजेरी ठरावात नोंदवून गटविकास अधिकाऱ्याकडे पाठवता येते.

पूर्व विदर्भातल्या पेसा क्षेत्रातली (पेसा म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जास्त अधिकार देणारा कायदा) गोष्ट याहून पुढची आहे. तिथं पाड्याची, टोल्याची स्वतंत्र ग्रामसभा होऊ शकते आणि तिचे अधिकार मोठे आहेत. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) सगळ्यांना माहीत आहे ते सामूहिक वनहक्कामुळे आणि २०११ मध्ये स्वतःच्या बांबूचा वाहतूक परवाना मिळवल्यामुळे. आम्हाला तिथली जास्त उपयोगी वाटली ती गोष्ट म्हणजे अभ्यासगट. ग्रामसभेच्या आधी काही जण बसून विषय समजून घेतात, वाचतात, आणि मग सभेत निर्णय सर्वसहमतीनं होतो. आमचं गाव पेसाबाहेरचं आहे, तरी सभेच्या आठवडाभर आधी पाच-सात जणांनी देवळाच्या ओट्यावर बसून नोटिशीतले विषय वाचायला कुठल्या कायद्याची परवानगी लागत नाही.

जानेवारीत आराखडा ई-ग्रामस्वराज पोर्टलवर चढतो. हा टप्पा गावाला दिसत नाही आणि इथंच कामं गळतात. सभेत मंजूर कामं तीस, निधी दहाचा. कोणती दहा चढवायची ते ऑफिसात ठरतं. म्हणून ग्रामसभेत प्राधान्यक्रम आकड्यानं लिहून घ्यावा: क्रमांक १, क्रमांक २, असा. पोर्टलवर लॉगिन न करता कुणालाही आपल्या गावाचा आराखडा पाहता येतो. आर्थिक वर्ष, राज्य, जिल्हा, तालुका, ग्रामपंचायत निवडत जायचं. मोबाइलवर मेरी पंचायत अ‍ॅपही आहे. कामाचं नाव आपल्या ठरावाशी शब्दशः जुळतं का ते फेब्रुवारीत पाहावं. "वॉर्ड क्र. २ मध्ये नाली" एवढंच चढलं असेल तर लगेच लेखी दुरुस्ती मागावी. आराखड्यात नसलेल्या कामाला पुढं पैसे देता येत नाहीत; पुरवणी आराखड्याची वाट पाहावी लागते.

हप्ते कधी येतील याचा भरवसा नसतो. ग्रामपंचायतीचे हिशेब वेळेत ऑनलाइन न झाल्यास, किंवा मुदत संपून निवडणूक न होता प्रशासक बसल्यास, वित्त आयोगाचा पैसा अडकतो. गावाला वाटतं सरपंचानं काम अडवलं. बऱ्याचदा ते खरं नसतं; तेव्हा आधी विचारून घ्यावं.

निधी आला की अभियंता येऊन मोजणी करतो, अंदाजपत्रक बनतं, तांत्रिक मान्यता होते, कामाचा आदेश निघतो. अंदाजपत्रकाची प्रत मागून घ्या. त्यात पाहायच्या गोष्टी थोड्याच आहेत: लांबी, आतली रुंदी आणि खोली, काँक्रीटची जाडी, खालचा मुरुमाचा थर, आणि उतार.

उतारावर थोडं थांबायला हवं, कारण वाईट सिमेंटपेक्षा चुकलेल्या उतारानं जास्त नाल्या वाया जातात. १४० मीटर नालीला २०० ला १ असा उतार धरला तर सुरुवातीपासून शेवटापर्यंत तळ ७० सेंटिमीटर खाली जायला हवा. मिस्त्री रस्त्याच्या पातळीनं खोदत जातो. रस्ता सपाट असला की नालीही सपाट होते आणि पाणी उभं राहतं. काँक्रीट पडायच्या आधी, खोदकाम झालं त्या संध्याकाळी, लेव्हल पाईप घेऊन दर २० मीटरला खुणा कराव्या. पाईप म्हणजे पाणी भरलेली पारदर्शक नळी. दोन टोकांचं पाणी एकाच पातळीला येतं. प्रत्येक २० मीटरला तळ १० सेंटिमीटर खाली मिळाला पाहिजे. एखाद्या ठिकाणी ४ मिळाला आणि पुढं १६, तर तिथं गाळ साचणार हे आजच कळतं. एका संध्याकाळचं काम आहे, दोन माणसं लागतात.

दुसरं काळ्या मातीचं. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर थेट काँक्रीट टाकलं की दुसऱ्या वर्षी नालीच्या भिंती आत झुकतात, सांधे उघडतात. अंदाजपत्रकातला मुरुम प्रत्यक्षात पडला का, तो ओला करून धुमसानं ठोकला का, हे काँक्रीट पडल्यावर कुणालाच दिसत नाही. त्या दिवशी तारखेसह फोटो काढून ठेवावा. ग्रामपंचायतीलाही कामाआधी, काम चालू असताना आणि झाल्यावर असे जिओटॅग फोटो चढवावेच लागतात. आपला फोटो त्याला सोबत होतो.

जाडीचंही असंच. कडेला फळी लावलेली असते, म्हणून कडेची जाडी नेहमी बरोबर दिसते. सिमेंट रस्त्यात तर हे हटकून होतं: कडेला १५ सेंटिमीटर, मधे जुन्या रस्त्याचा उंचवटा न काढल्यामुळे १०. आडवी दोरी ताणून मधे टेप सोडला की कळतं. आणि पाणी मारणं. कामं मार्चअखेरच्या घाईत होतात, म्हणजे नेमकी उन्हाच्या तडाख्यात. निदान सात दिवस, जमलं तर चौदा, पोती अंथरून दिवसातून दोन-तीनदा पाणी हवं. टँकरचं पाणी तिसऱ्या दिवशी बंद होतं. हे काम गल्लीनं आपल्याकडे घ्यावं, घरटी दोन बादल्या. जबाबदारी ठेकेदाराचीच, पण फुटकी नाली आपल्या दारात राहते.

बिलाआधी अभियंता मोजमाप पुस्तिकेत मापं लिहितो, आणि मग सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी यांच्या डिजिटल सहीनं पैसे थेट ठेकेदाराच्या खात्यात जातात. एकदा ते गेले की परत येत नाहीत, म्हणून हरकत मोजमापाच्या दिवशी नोंदवायची. तो दिवस कोणता, ते लेखी विचारून ठेवावं. त्या दिवशी गल्लीतले चार जण टेप घेऊन हजर असले की आकडे मोठ्यानं बोलले जातात, एवढा फरक पडतो.

सभेत बोलायला ज्यांना संकोच वाटतो त्यांच्यासाठी समित्या आहेत. ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीला वर्षाला १० हजारांपर्यंत अबंधित निधी मिळतो. शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. वनहक्क समिती, जैवविविधता समिती, तंटामुक्त समितीही असतात. यांची निवड ग्रामसभेत किंवा पालकसभेत होते, आणि नावं आधीच ठरलेली असतात ती दुसरं कुणी हात वर करत नाही म्हणून.

नाली झाली की पाण्यानं तपासावी. वरच्या टोकाला दोन बादल्या ओतायच्या आणि खालच्या टोकाला उभं राहायचं. पाणी कुठं थबकतं तिथं खडूनं खूण. खरी परीक्षा जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात होते. तेव्हा कुठं तुंबतं, कुठं भिंतीला चीर गेली, कुठून पाणी रस्त्यावर येतं, ते मीटरमध्ये लिहून अर्ज द्यावा. ठेकेदाराची अनामत ठराविक मुदतीपर्यंत ग्रामपंचायतीकडे असते, आणि ती परत जाण्याआधी दुरुस्ती करून घेता येते. ती मुदत कामाच्या आदेशात लिहिलेली असते. आदेशाची प्रत, अंदाजपत्रक, ठरावाची नक्कल आणि आवक क्रमांकाचे सगळे अर्ज एकाच फायलीत ठेवावेत, आणि ती फाइल गल्लीतल्या अशा घरी असावी जिथं कुणीतरी नेहमी सापडतं.